खरखरीचा माग

मुंबईहून पुण्याला निघालेल्या गाडीत रेडिओ ९८.३ वर लावलेला असतो. पनवेलपर्यंत गाणे स्वच्छ ऐकू येते. खालापूर मागे पडते, घाट सुरू होतो आणि मुंबईच्या वाहतुकीविषयी बोलणारा निवेदक अध्येमध्ये अडखळू लागतो. एका वळणावर त्याचे वाक्य अर्धवट तुटते आणि पुढचे वाक्य ऐकू येते ते पुण्यातल्या कुठल्या तरी चौकाविषयी. बटणाला कोणी हातही लावलेला नसतो. वळणावळणांवर काही वेळ दोन्ही शहरांची अशी ओढाताण चालते आणि लोणावळ्यानंतर पुणे जिंकते.

हा रेडिओचा बिघाड नव्हे. रेडिओ मिर्चीचे मुंबई केंद्र आणि पुणे केंद्र दोन्ही ९८.३ मेगाहर्ट्झवर आहेत. रेडिओ सिटीचे ९१.१ आणि रेड एफएमचे ९३.५ या आकड्यांचेही दोन्ही शहरांत तसेच आहे. एफएमचा स्वभाव असा की, एकाच आकड्यावर दोन केंद्रे पोहोचली तर त्यांतल्या जोरदार केंद्राला रेडिओ पकडतो आणि दुसऱ्याला जवळजवळ पुसून टाकतो. जोर सारखा असला तरच दोघांची मारामारी ऐकू येते. हे ठाऊक नसलेला माणूस मात्र घाटातली खरखर ऐकून पुण्यात उतरल्यावर अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात शिरतो आणि नवा स्टीरिओ बसवून बाहेर पडतो. पुढच्या फेरीला त्याच वळणावर तीच खरखर त्याची वाट पाहत असते.

गाडीतल्या रेडिओच्या तक्रारींचे सरळ तीन गट पडतात. लहरच अँटेनापर्यंत पोहोचत नाही, पोहोचलेली लहर संचापर्यंत जात नाही, किंवा गाडीतलेच एखादे यंत्र तिच्यात आवाज मिसळते. पहिल्यावर कोणाचाच इलाज नाही. दुसऱ्यावर बहुधा थोडक्या खर्चात उपाय होतो, तिसऱ्यावर अनेकदा फुकटात. कुठला गट आहे ते खरखरीच्या जातीवरून कळते.

डोंगराआड काय होते

भारतात एफएमचा पट्टा १०८ मेगाहर्ट्झपर्यंत आहे. १०० मेगाहर्ट्झच्या आसपास लहरीची लांबी तीन मीटर भरते. ही लहर साधारण प्रकाशासारखी सरळ जाते. डोंगर आडवा आला की पलीकडे तिची सावली पडते. सपाट मुलखात शंभर मीटर उंच मनोऱ्यावरचे प्रक्षेपण रस्त्यावरच्या गाडीला जेमतेम ४५ किलोमीटरपर्यंत 'दिसते', त्यापुढे पृथ्वीची गोलाईच आड येते. म्हणून मनोऱ्याला डोंगराचा माथा मिळाला तर हवाच असतो. पुण्याचा दूरदर्शनचा मनोरा सिंहगडावर उभा आहे तो याच हिशेबाने. कशेडी, आंबा किंवा वरंध घाटात उतरताना एकामागून एक केंद्रे गळत जातात, त्याचेही कारण हेच आहे. कितीही महागडा संच बसवला तरी सह्याद्री बाजूला सरकत नाही.

मध्यम लहरींचे गणित वेगळे. पुणे आकाशवाणीच्या ७९२ किलोहर्ट्झची लहर सुमारे ३७९ मीटर लांब. ती जमिनीला धरून चालते, टेकड्यांना वळसा घालते आणि दिवसा एफएमच्या कितीतरी पट दूर पोहोचते. रात्री तर ती वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांवरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटरवर उतरते, कारण दिवसा तिला शोषून घेणारा खालचा थर सूर्यास्तानंतर विरतो. अंधार पडल्यावर मध्यम लहरींवर परप्रांतातल्या भाषा ऐकू येतात आणि जवळच्या केंद्रामागे शिट्टी वाजते, ती यामुळे.

बोगद्यात मात्र पारडे फिरते. एक्स्प्रेस वेवरच्या भाताण किंवा माडपच्या बोगद्यात शिरताच मध्यम लहर लगेच मरते, कारण तिच्या लांबीपुढे बोगद्याचे तोंड फारच अरुंद असते. एफएमची तीन मीटरची लहर आत थोडी घुसते आणि मग विझते. लोखंडी सळ्यांनी भरलेल्या उड्डाणपुलाखालीही मध्यम लहरींवर क्षणभर आवाज बसतो, एफएम तग धरते.

सिग्नलला थांबल्यावरची खरखर

शहरातला अनुभव याहून गमतीचा. गाडी चालू असताना गाणे ठीक असते, लाल दिव्याला थांबली की फसफस सुरू होते आणि गाडी हातभर पुढे घेतली की पुन्हा स्वच्छ. इमारतींवर आपटून आलेली लहर आणि मनोऱ्याकडून थेट आलेली लहर एकाच जागी भेटतात. त्या एकमेकींना पूरक ठरल्या तर आवाज चांगला, विरोधी ठरल्या तर खड्डा. एफएमसाठी असे दोन खड्डे साधारण दीड मीटरच्या अंतराने येऊ शकतात. धावती गाडी ते पटापट ओलांडते आणि त्यातून फडफडल्यासारखा आवाज होतो, तर थांबलेली गाडी नेमकी एखाद्या खड्ड्यात अडकते. यावर उपाय एवढाच की गाडी जराशी पुढेमागे करून पाहावी. काही महागड्या गाड्यांत दोन अँटेना असतात आणि संच त्यांतली चांगली निवडत राहतो.

स्टीरिओ प्रक्षेपण यात भर घालते. डाव्या-उजव्या ध्वनीतला फरक ३८ किलोहर्ट्झच्या उपलहरीवर स्वार होऊन येतो आणि लहर दुबळी झाली की आधी तोच खरखरतो. बहुतेक आधुनिक संच अशा वेळी आपोआप मोनोकडे झुकतात. मेनूमध्ये 'मोनो'चा पर्याय असेल तर शहराबाहेर पडल्यावर तो लावावा, बराच आवाज निवळतो. 'लोकल/डीएक्स' नावाचे बटण असेल तर महामार्गावर ते डीएक्सवर असल्याची खात्री करावी. लोकलवर असताना शोध घेणारा संच फक्त जोरदार केंद्रांवर थांबतो आणि दूरची गाळतो.

पाच मिनिटांची तपासणी

गाडी उंच इमारती, वीजवाहिन्या आणि रेल्वेच्या तारा यांच्यापासून दूर, मोकळ्या जागी उभी करावी. हँडब्रेक लावावा. त्या भागात नक्की चांगले लागते असे एक केंद्र आणि एक दुबळे केंद्र निवडावे. मग पुढच्या पायऱ्या क्रमाने घ्याव्यात.

पहिली: इंजिन बंद ठेवून फक्त रेडिओ लावावा. आवाज स्वच्छ असेल आणि इंजिन सुरू करताच बिघडत असेल, तर चोर बॉनेटखाली आहे. इंजिन बंद असतानाही खरखर तशीच असेल तर दोष अँटेनात, परिसरात किंवा गाडीतल्या एखाद्या चालू उपकरणात.

दुसरी: इंजिन चालू ठेवून आवाज शून्यावर आणावा. स्पीकरमधून तरीही घूं किंवा चूंऽऽ येत असेल तर त्याचा रेडिओ लहरींशी काही संबंध नाही. तो अ‍ॅम्प्लिफायरच्या वायरिंगचा किंवा अर्थिंगचा दोष.

तिसरी: रेडिओऐवजी पेन ड्राइव्ह किंवा ब्लूटूथवर गाणे लावावे. तोच आवाज तिथेही असेल तर तो वीजपुरवठ्याच्या तारेतून येतो आहे. गेला असेल तर अँटेनाकडून.

चौथी: चार्जर, डॅशकॅम, सॉकेटमधला हवा भरायचा पंप, एलईडी दिवे अशी जोडणी एकेक करून काढावी. नुसते बंद करून चालत नाही. सॉकेटमध्ये खोचलेला चार्जर फोन लावलेला नसतानाही आपले काम करत असतो.

पाचवी पायरी संच बाहेर काढता येणाऱ्या वायरमनने करायची आहे. मागचा अँटेनाचा प्लग उपसावा. खरखर थांबली तर ती अँटेनातून येत होती, नाही थांबली तर पॉवरच्या तारेतून. या एका कृतीने निम्मे प्रश्न निकाली निघतात, तरी दुकानात ती क्वचितच केली जाते.

आवाजावरून चोर ओळखणे

अ‍ॅक्सिलरेटर दाबला की चढत जाणारी आणि सोडला की उतरणारी बारीक शिट्टी ही अल्टरनेटरची. काही जुने मिस्त्री त्याला अजून डायनॅमोच म्हणतात. त्यातला एखादा डायोड गेला, बॅटरीची टर्मिनले सैल झाली किंवा संचाची अर्थिंग नीट नसली की ती ऐकू येते. आधी बॅटरीची टर्मिनले घासून घट्ट करावीत, मग संचाची काळी तार गंजलेल्या स्क्रूवर नाही ना ते पाहावे. एवढ्याने भागले नाही तरच पॉवरच्या तारेवर नॉइज फिल्टर बसवावा. अल्टरनेटरच बिघडलेला असेल तर फिल्टर लावून रोग झाकला जातो आणि एके दिवशी बॅटरी उतरते.

इंजिनाच्या वेगाबरोबर वाढणारी टक-टक-टक अशी टिकटिक म्हणजे स्पार्क प्लगची ठिणगी. ठिणगी हा स्वतःच एक छोटा प्रक्षेपक असतो. ती दाबण्यासाठी प्लगच्या आत रोधक घातलेला असतो आणि प्लगच्या क्रमांकात त्याची खूण म्हणून बहुधा 'आर' हे अक्षर येते. एनजीकेच्या बीपीआर६ईएस या प्लगमधला आर तोच. सर्व्हिसिंगमध्ये बिनारोधकाचे स्वस्त प्लग बसले किंवा प्लगच्या तारांना चिरा गेल्या की टिकटिक परत येते. अँबॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनी हौसेने सांभाळणाऱ्यांच्या गाड्यांत पॉइंट आणि कंडेन्सर हेही संशयित असतात. डिझेल गाडीत ठिणगीच नसते. त्यामुळे डिझेल गाडीचा मालक 'प्लगमुळे आवाज येतो' असे ऐकून पैसे मोजत असेल तर त्याने दुकान बदलावे.

किल्ली फिरवताच वेगावर न बदलणारी घूंघूं येत असेल तर टाकीतून इंधन ओढणाऱ्या पंपाची मोटर. वायपर लावल्यावरच येत असेल तर वायपरची. हेडलाइट लावताच एफएमची दूरची केंद्रे नाहीशी होत असतील तर नंतर बसवलेले एलईडी बल्ब. त्यांच्या मागे असलेली छोटी सर्किटे वीज सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करतात आणि त्या खटाटोपाचे पडसाद थेट एफएमच्या पट्ट्यापर्यंत उमटतात. फोनचे स्वस्त चार्जर हाच गुन्हा करतात. चांगल्या बनावटीच्या चार्जरमध्ये हा आवाज दाबणारे भाग असतात, स्वस्त चार्जरमध्ये पैसे वाचवण्यासाठी तेच आधी वगळले जातात.

आकाशातले आवाजही कानाला वेगळे कळतात. मे महिन्यात वळवाचे ढग दाटले की मध्यम लहरींवर कडकड-चरचर सुरू होते. मध्यम लहरींत आवाजाचा संदेश लहरीच्या उंचीत लपलेला असतो आणि वीज कडाडली की नेमकी उंचीच विस्कटते. एफएममध्ये संदेश वारंवारतेच्या बदलात असतो आणि संच उंचीतला चढउतार छाटून टाकतो, म्हणून तिथे वादळ जवळजवळ ऐकूच येत नाही. उच्चदाबाच्या वाहिनीखालून जाताना येणारी आणि पुढे गेल्यावर विरणारी भर्रर ही वाहिनीची, गाडीची नव्हे.

अडीच फूट अँटेना

एफएमच्या लहरीचा पाव भाग म्हणजे ७५ सेंटीमीटर, सुमारे अडीच फूट. जुन्या गाड्यांच्या खेचून लांब करायच्या एरियलची लांबी म्हणूनच तेवढी असे. आजच्या छपरावरच्या आखूड काड्या आणि शार्क फिन आपली कमतरता बुडाशी बसवलेल्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरने भरून काढतात. त्यामुळे कंपनीची काडी काढून बाजारातला चिकटवायचा शार्क फिन लावणाऱ्याने सावध राहावे. त्यांतले कित्येक निव्वळ शोभेचे असतात, आत धातूची तारही नसते.

अँटेनाचे बूड हे महाराष्ट्रातल्या पावसात सर्वांत आधी खराब होणारे ठिकाण. रबरी गॅस्केट वाळते, पाणी शिरते, गंज चढतो आणि अँटेनाचा छपराच्या पत्र्याशी असलेला अर्थिंगचा संबंध तुटतो. कोकणात खारी हवा हे काम आणखी लवकर उरकते. गाडी धुणाऱ्याने काडी काढून ठेवली आणि परत नीट फिरवली नाही, हेही नेहमीचे. दर पावसाळ्यानंतर काडी काढून आटे पुसावेत आणि पुन्हा घट्ट बसवावी. मागच्या काचेत अँटेना असलेल्या गाड्यांत धुके घालवणाऱ्या रेषांजवळ ब्लेडने जुने स्टिकर खरवडू नयेत आणि धातूचा थर असलेली फिल्म लावू नये. ती ऊन अडवते तशी लहरही अडवते.

नवा स्टीरिओ आणि हरवलेली विविध भारती

'कंपनीचा संच होता तेव्हा रेडिओ छान लागायचा, मोठ्या स्क्रीनचा बसवला आणि सगळे गेले' ही तक्रार जवळजवळ प्रत्येक वायरमनने ऐकलेली असते. बहुतेकदा कारण एकच: अँटेनाच्या अ‍ॅम्प्लिफायरला वीज मिळत नाही. नव्या संचाच्या गुच्छात त्यासाठी सहसा निळी तार असते. ती गाडीच्या संबंधित तारेला जोडलेली नसते, टेप गुंडाळून आत सारलेली असते. वीज नसलेला अ‍ॅम्प्लिफायर लहर वाढवत तर नाहीच, उलट अडवतो. फोक्सवॅगन, स्कोडासारख्या युरोपीय घडणीच्या अनेक गाड्यांत ही वीज वेगळ्या तारेने न जाता अँटेनाच्याच केबलमधून जाते. तिथे वीज सोडणारा अ‍ॅडॉप्टर घालावा लागतो. दुकानदाराला विचारायचा प्रश्न सोपा आहे: 'अँटेनाच्या अ‍ॅम्प्लिफायरला पॉवर दिली का?'

दुसरी गंमत सेटिंगमध्ये दडलेली असते. ऑनलाइन मागवलेले अनेक अँड्रॉइड संच 'अमेरिका' या विभागावर लावून आलेले असतात. अमेरिकेत एफएमची केंद्रे ०.२ मेगाहर्ट्झच्या अंतराने आणि दशांशानंतर विषम आकड्यावर असतात. अशा संचावर ९१.१, ९३.५, ९८.३ व्यवस्थित लागतात, पण मुंबईची विविध भारती १०२.८ वर आणि पुण्याची १०१ वर असल्यामुळे दोन्ही सापडतच नाहीत. मालक म्हणतो, विविध भारती बंद पडली. मध्यम लहरींचेही तसेच. भारतात तिथली केंद्रे ९ किलोहर्ट्झच्या टप्प्याने बसवलेली आहेत, अमेरिकेत १०. अमेरिकी मांडणीचा संच ७९२ वर थांबूच शकत नाही, तो ७९० वर थांबतो आणि पुणे केंद्र फाटक्या आवाजात ऐकवतो. सेटिंगमधील 'रेडिओ रीजन' युरोप किंवा आशिया करावे, केंद्रे परत येतात.

न्यूझीलंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना याचीच दुसरी बाजू भेटते. तिथे जपानहून आलेल्या जुन्या गाड्या भरपूर. जपानचा एफएम पट्टा ७६ पासून सुरू होतो आणि तिथल्या जुन्या संचांत ९० च्या पुढे जातच नाही. त्यासाठी बँड एक्स्पांडर नावाची छोटी डबी अँटेनाच्या वाटेत जोडतात.

संच बदलताना बॅटरीची तार काढण्याआधी जुन्या संचाचा कोड जवळ आहे ना ते तपासावे. काही कंपन्यांचे संच वीज गेली की कोड मागतात. आणि डॅशकॅमची तार पुढच्या खांबाच्या आवरणातून नेताना तिथे पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असेल तर हे काम जाणकाराकडेच द्यावे. ती तार अँटेनाच्या केबलला समांतर न नेता दुसऱ्या बाजूने न्यावी. डॅशकॅमच्या टोकाशी आणि सॉकेटच्या टोकाशी फेराइटची चिमटीसारखी मिटणारी कडी बसवली तर त्रास बराच कमी होतो.

सॉकेटमधला छोटा प्रक्षेपक

ब्लूटूथ नसलेल्या गाड्यांत सॉकेटमध्ये खोचायचा एफएम ट्रान्समीटर अजून चालतो. त्याच्यासाठी मोकळा आकडा निवडावा लागतो. मुंबईत मोकळा असलेला आकडा पुण्यात मोकळा असेलच असे नाही, म्हणून एक्स्प्रेस वेवर अर्ध्या वाटेत गाण्यात कोणीतरी बोलू लागते. दोन्ही बाजूंना किमान ०.४ मेगाहर्ट्झपर्यंत केंद्र नसलेली जागा शोधून ठेवावी आणि शहर बदलले की आकडा बदलावा. कोंडीत शेजारच्या गाडीचे गाणे आपल्या रेडिओवर ऐकू आले तर ते याच यंत्राचे. थोडे पुढे सरकताच ते जाते.

विजेवरच्या गाड्या

विद्युत गाडीत इंजिनाची ठिणगी नाही, पण मोटरला वीज पुरवणारा इन्व्हर्टर आणि चार्जिंगची सर्किटे यांचा आवाज नेमका मध्यम लहरींच्या पट्ट्यात पडतो. टेस्लाने आपल्या गाड्यांतून एएम, म्हणजे मध्यम लहरींचा, रेडिओ काढून टाकला. फोर्डनेही तो काढायचे जाहीर केले होते, पण अमेरिकेत आपत्तीच्या सूचना याच पट्ट्यावरून दिल्या जातात म्हणून विरोध झाला आणि २०२३ मध्ये कंपनीने निर्णय मागे घेतला. आकाशवाणीने मध्यम लहरींवरच डीआरएम हे डिजिटल तंत्र आणले आहे आणि भारतातल्या काही गाड्यांच्या मूळ संचांत ते घेण्याची सोय असते. विद्युत गाडी घेणाऱ्याने चाचणीची फेरी मारताना शोरूमच्या माणसाला गाणी लावू न देता मध्यम लहरींवरचे जवळचे केंद्र लावायला सांगावे आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबून ऐकावे.

मिस्त्रीकडे जाताना

खरखर एकाच ठिकाणी येते की सगळीकडे, एकाच केंद्रावर की सर्वांवर, इंजिनाबरोबर बदलते का, ब्लूटूथवर असते का आणि अलीकडे गाडीत नवे काय बसवले, या पाच प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून न्यावीत. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत आधी दाखवावे, कारण रेडिओ बिघडला त्या आठवड्यात बसवलेला चार्जर, कॅमेरा किंवा दिवा हाच बहुतेक वेळा दोषी निघतो. तो काढून, अँटेनाचे बूड साफ करून आणि निळी तार तपासूनही आवाज तसाच राहिला, तरच नव्या संचाची किंमत विचारावी.